निळ्या हौदातली चार हजार कार्डं

१

गुरुवारी संध्याकाळी मी रघुनाथरावांच्या परसात पाऊल टाकलं तेव्हा त्यांची बहीण कुसुमावती हौदावर वाकून कार्डं बाहेर काढत होती. तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. काढलेलं प्रत्येक कार्ड ती धुण्याच्या दगडावर मांडायची आणि त्यावर काही दिसतंय का ते डोळ्यांजवळ नेऊन बघायची. काहीच दिसत नव्हतं.

"बघा शंभूराव, रंगेहाथ म्हणतात ते हेच," रघुनाथराव म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले.

मला तेव्हाच त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी काही निःपक्षपाती माणूस नाही. १९४९ साली आमच्या रंगारी समाजाच्या मेळाव्यात मी इंग्रजीत दोन शब्द बोलायला उभा राहिलो होतो. माझा एक उच्चार चुकला. या गृहस्थांनी पहिल्या रांगेतून उठून तो सगळ्यांदेखत सुधारला आणि लोक पोट धरून हसले. त्याला बावीस वर्षं झाली. मी कोर्टात शिरस्तेदार होऊन रिटायर झालो, समाजाचा सेक्रेटरी झालो, पण ते हसू माझ्या कानातून गेलं नाही.

रघुनाथराव म्हणजे अख्ख्या म्हैसूरचे 'वर्ड्‌स मास्टर'. लष्कर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत रोज सकाळी वर्ग भरायचा. लॅटिनमधलं एक मूळ धरायचं आणि त्याला लगडलेले दहा-बारा अवघड इंग्रजी शब्द एका दमात शिकवायचे, ही त्यांची ख्याती. बँकेच्या आणि सरकारी परीक्षांना बसणारी मुलं हुणसूरपासून यायची. त्या शब्दांची चार हजारांवर कार्डं तीन लाकडी खणांत होती. आता ती सगळी त्यांच्या वडिलांच्या वेळच्या रंगाच्या हौदात होती.

"मागच्या आठवड्यात हिनं माझ्याशी भांडण काढलं," रघुनाथरावांनी बहिणीकडे न बघता सांगितलं. "पुस्तक निघतंय माझं, मद्रासहून. त्यावर हिला स्वतःचं नाव हवं! मी सांगितलं, हिनं उतरवून घेतलं, एवढाच हिचा संबंध. मी नाही म्हटलं, तर आज मी घरी नसताना, लायब्ररीच्या दुपारच्या सुट्टीत येऊन हिनं सूड उगवला. शनिवारी सकाळी प्रकाशकाचा माणूस येणार आहे. त्याच्या आत हिनं लिहून द्यावं की हे मीच केलं, आणि घर सोडावं. समाजाचे सेक्रेटरी म्हणून तुम्ही साक्षीला सही करा."

"आणि नाही लिहून दिलं तर?"

"तर पोलिसात देईन. नोकरीही जाईल तिची."

कुसुमावतीनं मान वर केली. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, लग्न न केलेली, एका कॉलेजच्या लायब्ररीत बावीस वर्षं अटेंडर. सगळा मोहल्ला तिला कुसक्का म्हणतो. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती आग होती.

"मामा," ती मला म्हणाली, "सही करायच्या आधी एकदा नीट बघा की. तेवढंच मागते."

मी म्हटलं, बघतो.

२

परसात दगडी हौदाशेजारी एक पत्र्याचा टब होता. त्यात काळपट पाणी होतं. मी रुमालाचं टोक बुडवून नळाखाली साबण लावला, तर डाग निघून गेला. म्हणजे टबात रंग नव्हता, नुसती कार्डांवरची शाई उतरली होती. हौदातला डाग मात्र साबणाला दाद देईना. हौदाच्या पाण्यावर एक तेलकट तवंग होता.

दगडाच्या कडेला दोऱ्यांच्या छोट्या छोट्या गुंडाळ्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. एका मुळाचे शब्द एका दोऱ्यात बांधलेले असत, हे मला ठाऊक होतं. मी मांडलेल्या कार्डांतलं एक कार्ड उचललं. कडेला होता तेवढाच निळा रंग मध्यभागी होता, कुठे डाग नाही की पट्टा नाही. मी हे सगळं मनात नोंदवलं आणि कुसक्काला घेऊन ओट्यावर बसलो.

"कार्डं कोणाची गं?"

"माझी."

"तुझा अण्णा म्हणतो, त्यानं सांगितली."

"अण्णा चार वर्षं शिवमोग्ग्याला मास्तर होता, मामा. त्रेपन्न ते सत्तावन्न. तिथून सांगायला काय बिनतारी होती?" ती निळ्या बोटांकडे बघत राहिली. "लायब्ररीत एक जुना कोश रद्दीत निघाला होता, मुळांचा. तो मी घरी आणला. मग परत आलेली पुस्तकं कपाटात लावता लावता एकेक शब्द दिसायचा. घरी येऊन कार्ड करायचं. पुढे मूळ, अर्थ, भावंडं. मागे तो कुठे सापडला आणि कुठल्या तारखेला. त्यातल्या दोनेक हजार कार्डांवर त्या चार वर्षांच्या तारखा होत्या. सत्तावन्न साली अण्णा परत आला, खण उघडून बघितले, म्हणाला, यावर वर्ग चालेल. मी म्हटलं चालव."

"आणि चौदा वर्षं गप्प बसलीस?"

"टॅसेरे," ती म्हणाली. "म्हणजे गप्प बसणं. त्यातून टॅसिटर्न, मोजकं बोलणारा. त्यातूनच रेटिसंट, मनातलं ओठावर न आणणारा. पहिल्याच वर्षी केलेलं कार्ड ते." मग तिचा आवाज चढला. "वर्गानं पोट भरत होतं, मी बोलले नाही. पण पुस्तक! छापून येणार, मी मेल्यावरही राहणार, आणि त्यावर याचं एकट्याचं नाव? मी मद्रासला पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, अण्णाच्या नावे. मूळ कार्डं दाखवा, मग ठरवू."

"अण्णा ते बोलला नाही मला."

"कशाला बोलेल?"

मी विचारलं, "त्या हौदात तू कधी रंगकाम केलंस?"

"अय्यो, मामा! तुम्ही आमच्यातलेच ना? बाबा आम्हा पोरींना चुन्याच्या रेघेच्या आत पाय टाकू द्यायचे नाहीत. आमची सावली पडली तर रंग फुटतो म्हणे. बाबा गेले, कारखाना बंद झाला, तरी त्या हौदाला मी हात लावला नव्हता. आज लावला."

ते खरं होतं. आमच्याही घरी ती रेघ होती. ती ओलांडली म्हणून माझ्या बहिणीनं मार खाल्ला होता.

३

शुक्रवारी सकाळी आधी समोरच्या नरसिंहमूर्तींकडे गेलो. त्यांचाही इंग्रजीचा वर्ग होता, पण चालत नव्हता, आणि कार्डांवर त्यांचा डोळा होता हे सगळ्यांना माहीत.

"होय, मला ती हवी होती," त्यांनी बेधडक सांगून टाकलं. "विकत मागितली, उसनी मागितली. संधी मिळाली असती तर चोरलीही असती स्वामी, खोटं का बोलू? पण बुडवायची कशाला? सोन्याची खाण कोणी बुजवतं का?"

हा माणूस लोभी होता, पण त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं.

दुसरा संशयित पद्मनाभ, रघुनाथरावांचाच विद्यार्थी. वर्गात एका शब्दाचं मूळ सरांना पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून गेल्या सोमवारी त्याला हाकलून दिलं होतं. चांगला तेवीस वर्षांचा, मिशा राखलेला गडी. तो माझ्यापुढे फुरफुरतच बसला.

"मी गुरुवारी पाच वाजता गेलो होतो की, माफी मागायला. सर दारातच भेटले. हिनकलला कुणाकडे सत्यनारायण होता, तिथून आताच येतोय म्हणाले. धड बोललेसुद्धा नाहीत. केस ओले, अंगाला शिकेकाईचा वास. सुम्ने उगाच वेळ घालवू नकोस म्हणाले आणि दार लावलं."

"शिकेकाईचा? गुरुवारी?"

"मलाही तेच वाटलं. आमच्या घरी तर शनिवारशिवाय कुणी डोक्याला तेल लावत नाही. पण मोठ्या माणसाला कोण विचारणार?"

मी तसाच रघुनाथरावांकडे गेलो. पुढच्या खोलीत टेबलावर पुस्तकाची टाइप केलेली प्रत होती, साडेचारशे पानं, लाल फितीत बांधलेली. ते तिच्यावर पंजा ठेवून बसले होते.

"हे वाचलं म्हणायचं," मी म्हटलं.

"नशीब माझं. टायपिस्टकडून बुधवारीच आली. नाहीतर त्या बाईनं हीसुद्धा बुडवली असती."

"बरं झालं. सर, मी अडाणी माणूस. तुमच्यासारख्याच्या तोंडून एखादं मूळ ऐकावं म्हणतो. ते गप्प बसण्याचं काय हो? टॅसेरे?"

ते जरा थबकले. "टॅसेरे... हां. टॅसिट. आणखीही आहेत पुष्कळ." त्यांचा हात नकळत फितीच्या गाठीकडे गेला. "पण शंभूराव, तुम्हाला या वयात कशाला? तुमचा उच्चार अजून तोच आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी हसलो. कोर्टात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हसता येतं.

"चौकशी आटोपत आली," मी म्हणालो. "हे काम रंगाऱ्याच्या हातचं आहे, एवढं नक्की."

"मी काय सांगत होतो!" ते खुशीत येऊन म्हणाले. "या घरात दुसरं कोण आहे?"

दुपारी मी बस धरली आणि हिनकलला उतरलो. सत्यनारायणवाल्यांचं घर शोधायला फार फिरावं लागलं नाही. यजमानबाईंना मी एकच प्रश्न विचारला. त्यांचं उत्तर ऐकून मी परतीच्या बसमध्ये एकटाच हसत बसलो आणि शेजारचा माणूस जरा सरकून बसला.

४

शनिवारी सकाळी दहाला मद्रासहून प्रकाशकांचे हयग्रीव आले. किडकिडीत, चष्मेवाले, कमी बोलणारे, पण मराठी समजणारे. मी पद्मनाभलाही बोलावून ठेवलं होतं. कुसक्का दाराशी उभी होती. तिच्या हातांचा निळा रंग अजून उतरला नव्हता. टेबलावर रघुनाथरावांनी स्वतःच्या अक्षरात तिचा कबुलीजबाब लिहून ठेवला होता, खाली सहीपुरती जागा सोडून.

"सही करा शंभूराव, साक्षीदार म्हणून," ते म्हणाले.

"करतो. आधी हे काम कसं झालं ते सांगतो, मग कोणाचं नाव घालायचं ते ठरवा."

मी उभा राहिलो. बावीस वर्षांपूर्वी असाच उभा राहिलो होतो, पण या वेळी भाषा माझी होती आणि विषयही माझा होता.

"रागाच्या भरात माणूस काय करतो? बांधलेले गठ्ठे उचलतो आणि हौदात फेकतो. तसं केलं असतं तर दोऱ्याखालची आणि मधली कार्डं पांढरी राहिली असती. इथं प्रत्येक गठ्ठा सोडलाय. दोऱ्या गुंडाळून ठेवल्यात. आधी साध्या पाण्याच्या टबात कार्डं भिजवलीत, तिथं शाई उतरलीय. मग रंगात घातलीत. कोरडा माल रंगात घातला की डाग पडतात, म्हणून रंगारी तो आधी भिजवतो. नासधूस करायला बसलेल्या माणसाला डाग पडले काय आणि न पडले काय! पण याच्या हाताला वाईट रंगवणं जमलंच नाही. लहानपणी वडिलांनी लावलेली सवय."

"म्हणजे हीच," रघुनाथराव म्हणाले. "रंगाऱ्याची पोर."

"तिचे हात बघा."

सगळ्यांनी बघितले.

"रंगारी हौदात हात घालायच्या आधी कोपरापर्यंत एरंडेल चोपडतो. रंग कातडीला धरत नाही. हौदावर तेलाचा तवंग आहे, म्हणजे ज्यानं कार्डं बुडवली त्यानं तेल लावलं होतं. हिनं लावलं असतं तर हिचे हात असे झाले असते का? तुम्ही हेच हात पुरावा म्हणून दाखवत होतात, रघुनाथराव. आमच्यात मुलींना रंगाच्या जागेत येऊच देत नाहीत. भिजवणं, तेल लावणं, हे सगळं फक्त मुलांना शिकवतात. हयग्रीवसाहेब, या घरात मुलगा एकच होता."

रघुनाथरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण त्यांनी अवसान आणलं.

"मी हिनकलला होतो. अकरा ते पाच."

"मी काल जाऊन आलो. यजमानबाई म्हणाल्या, मास्तरांची वाट बघून बघून शेवटी प्रसाद झाकून ठेवला. तो द्यायचा म्हणून माझ्याकडेच दिलाय." मी पिशवीतून पुडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. "पाच वाजता पद्मनाभनं तुम्हाला दारात पाहिलं. ओले केस, शिकेकाईचा वास. हातांचं एरंडेल नुसत्या पाण्यानं जात नाही. नीट नाहावं लागतं, मग वार गुरुवार का असेना."

"पण कशासाठी?" हयग्रीवांनी कानडीत विचारलं. "स्वतःचीच कार्डं?"

"यांची नव्हतीच. प्रत टाइप होऊन आलीय, तिच्यावर यांचं नाव आहे. यांचं काय बुडालं? काहीच नाही. बुडाल्या त्या फक्त कार्डांच्या मागच्या तारखा. त्यातल्या निम्म्या हे शिवमोग्ग्याला असतानाच्या होत्या, आणि तुम्ही आज त्या बघणार होतात. जाळली असती तर धुरानं मोहल्ला गोळा झाला असता. रंगात बुडवली की आळही आपोआप बहिणीवर."

"आता त्या तारखा कोणी दाखवू शकत नाही," रघुनाथराव एकदम ओरडले. तोंडातून निघून गेलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते.

हयग्रीवांनी शांतपणे लाल फीत सोडली. मधलंच एक पान उघडलं. "टर्जिव्हर्सेशन," त्यांनी वाचलं आणि रघुनाथरावांकडे पाहिलं. रघुनाथराव छताकडे बघत होते.

"टर्गम म्हणजे पाठ, व्हर्टेरे म्हणजे वळवणं," दाराशी उभ्या असलेल्या कुसक्कानं सांगितलं. "दिलेल्या शब्दाला पाठ दाखवणं. मोठ्या कोर्टाच्या निकालांच्या खंडात मिळाला. जून पंचावन्न, एकवीस तारीख."

त्यांनी आणखी पानं उलटली. "अरिनेशस."

"अरेना, वाळू. अरिनेशस म्हणजे वाळूमय. तलकाडच्या देवळांवरून वाळू काढायचा एक सरकारी अहवाल होता, त्याच्या पहिल्याच पानावर. चोपन्न सालच्या संक्रांतीचा आदला दिवस. लायब्ररीचं रजिस्टर बघा. तो त्या दिवशी परत आला, आणि घेणारी म्हणून सही माझी आहे."

हयग्रीवांनी सतरा शब्द विचारले. सतराही वेळा ती थांबली नाही. मग त्यांनी प्रत मिटली, पहिल्या पानावरचं नाव पेन्सिलीनं खोडलं आणि म्हणाले, "अम्मा, मला प्रत्येक शब्दाचा उगम पाहिजे. पुस्तकाची खरी किंमत त्यात आहे. नवी कार्डं करून द्या, तुमच्या नावानं छापतो."

५

हयग्रीव गेल्यावर मी रघुनाथरावांपुढे कोरा कागद सरकवला. मनातल्या मनात मी मेळाव्याची तारीखसुद्धा ठरवून टाकली होती. पहिली रांग, माईक, यांचा कबुलीजबाब यांच्याच तोंडून, आणि एक उच्चार जरी चुकला तरी मी उठून सुधारणार होतो.

"कुसक्का, बोल," मी म्हणालो. "समाजापुढे उभं करू? की पोलिसात देऊ?"

"बेडा मामा, नको. लोक एक दिवस हसतील आणि विसरतील."

"मी नाही विसरलो."

"तुम्ही नाही, पण लोक विसरले की." ती पहिल्यांदाच भावासमोर खुर्चीत बसली. "अण्णा, चार हजार एकशे साठ कार्डं आहेत. मी सांगणार, तू लिहिणार. पुढे मूळ, मागे कुठे सापडला ते आणि तारीख. रोज सकाळी, वर्गाच्या वेळेला, मुलांसमोर. खाडाखोड झाली तर फाडून परत लिहायचं. नाहीतर मग मामा आहेतच."

रघुनाथरावांनी माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं त्यांना माझ्या चेहऱ्यावर कोण जाणे. त्यांनी मान खाली घातली.

सोमवारपासून ते सुरू झालं. कुसक्का लायब्ररीत जायच्या आधी दोन तास सांगायची. बाकांवर मुलं गच्च बसलेली, फळ्यापुढे तिची खुर्ची आणि कोपऱ्यातल्या मेजावर मान मोडून लिहिणारे वर्ड्‌स मास्टर. शब्द तिनं एकदाच म्हणायचा. त्यांना ऐकू आला नाही तर पद्मनाभला म्हणायला सांगायचं. मी रोज जायचो. घरी विचारलं, काय काम असतं हो तिथं? मी म्हटलं, काही नाही, मजा बघायला जातो. खोटं कशाला बोलू? इतकी गोड झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

पाचव्या आठवड्यात रघुनाथरावांचं मधलं बोट सुजलं. पेनाच्या घट्ट्याची कातडी फाटून कार्डावर रक्त सांडलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि लहान मुलासारखं ते बोट बहिणीपुढे धरलं. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, संपलं आता. बहीणच ती, विरघळणार.

कुसक्का उठली. आत जाऊन हळद आणि धुतलेली चिंधी घेऊन आली. भावाचं बोट स्वतःच्या मांडीवर घेऊन तिनं हलकेच फुंकर मारली, हळद दाबली, चिंधी गुंडाळून नीट गाठ मारली. "फार दुखतंय का?" असंही तिनं विचारलं. त्यांनी होय म्हटलं.

मग रक्त लागलेलं कार्ड तिनं फाडलं, नवं कोरं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं आणि पेन उचलून त्या बांधलेल्या बोटात अडकवलं.

"लिही अण्णा," ती म्हणाली. "अजून तीन हजार राहिलेत."